आधी पडदा, मग डबा

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाबाहेर पडलं की चालत जाण्याच्या अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन गिऱ्हाइकांच्या तोंडून काही जात नाहीत. इथल्या कुठल्याही दुकानात शिरा आणि म्हणा, "गेमिंगसाठी पीसी असेंबल करायचाय." काउंटरमागचा माणूस पॅड पुढे ओढतो, "बजेट?" असं विचारतो आणि तुम्ही आकडा सांगताच पहिल्या ओळीवर लिहितो : प्रोसेसर. मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड त्यानंतर, उरलेल्या पैशांत बसेल ते. मॉनिटर सगळ्यात शेवटी. "जुना असेलच ना घरी?"

यादीतल्या वस्तू सगळ्या बरोबर असतात, पण ती लिहायला सुरुवात भलत्या टोकाने होते. टॅली चालवायचं मशीन असं लिहिलं तर बिघडत नाही. गेमसाठी मात्र यादी खालून वर लिहायची. आधी कोणता खेळ, मग कोणता पडदा, त्या पडद्याला पुरेल असं कार्ड, त्या कार्डाला दमवणार नाही असा प्रोसेसर आणि मग बाकीचा संसार. पैसे वाचतात ते या क्रमात. घासाघीस करून सुटणारे दोन-चारशे रुपये त्यापुढे किरकोळ आहेत.

२०२५च्या जूनमध्ये माझ्या भाच्याची बारावी झाली तेव्हा नाशिकहून फोन आला. ताईने सत्तर हजारांची हद्द आखून दिली होती, त्यात कीबोर्डपासून यूपीएसपर्यंत सगळं आलं पाहिजे.

"मामा, आय सेव्हनच घेऊ ना?"

"खेळणार काय आहेस?"

"व्हॅलोरंट. आणि सायबरपंक."

"कशावर?"

"कशावर म्हणजे? पीसीवर."

"अरे, पडदा कुठला?"

पडदा म्हणजे त्याच्या बाबांच्या ऑफिसातून आलेला जुना मॉनिटर होता, १३६६ बाय ७६८चा. त्यावर महागडं कार्ड लावणं म्हणजे चार माणसांच्या जेवणाला लग्नाचा आचारी बोलावण्यासारखं.

पण हा आय सेव्हनचा जप आधी मिटवायला हवा. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत "आय सेव्हन गेमिंग पीसी" म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा २०११ सालचा आय ७-२६०० असतो. कंपन्यांच्या ऑफिसांतून लिलावात निघालेली मशीनं, वर रंगीत दिव्यांचं कॅबिनेट चढवलेलं. त्या आय सेव्हनमध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. जानेवारी २०२२मध्ये आलेल्या आय ३-१२१००एफमध्येही चार कोअर आणि आठच थ्रेड आहेत. मधल्या अकरा वर्षांत एकेका कोअरची ताकद इतकी वाढली की आजचा धाकटा त्या काळच्या थोरल्याला सहज मागे टाकतो. तीन, पाच, सात हे आकडे एकाच पिढीतल्या भावंडांचा मान सांगतात. आजोबा आणि नातू यांची तुलना त्यावरून करता येत नाही. आणखी एक अडचण म्हणजे विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारतं आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. व्हॅलोरंटसारखा खेळ तर विंडोज ११वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० असल्याशिवाय दारातच अडवतो.

पंगत किती पानांची?

गेममधलं प्रत्येक चित्र म्हणजे एक पंगत समजा. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल हे एक पान. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पानं मांडलेली असतात आणि सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एवढी पंगत सेकंदात साठ वेळा वाढून उठवावी लागते. शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, दार उघडं की बंद, म्हणजे आज बेत काय आणि कुणाला काय वाढायचं, हे ठरवतो तो प्रोसेसर. तो आचारी. प्रत्येक पानावर नेमका रंग वाढणारी फौज म्हणजे ग्राफिक्स कार्ड. रायझन ५ ५६००मध्ये सहा कोअर असतात. आरएक्स ६६०० या मध्यम कार्डात १,७९२ छोटी गणकं असतात. आचारी मोजके आणि हुशार, वाढपी पुष्कळ आणि एकच काम झपाट्याने करणारे.

आता पडदा २५६० बाय १४४०चा केला तर पानं ३६ लाख ८६ हजार ४०० होतात. फोर-के केला तर ८२ लाख ९४ हजार ४००. पानं वाढली की वाढप्यांचं काम वाढतं, आचाऱ्याचं फारसं वाढत नाही, कारण बेत तोच असतो. उलट पानं तेवढीच ठेवून सेकंदाला ६०ऐवजी १४४ पंगती उठवायच्या म्हटलं तर आचाऱ्यालाही धाप लागते. ६० हर्ट्‌झला एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ला जेमतेम ६.९. म्हणून व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे चित्रात साधे पण वेगात तिखट खेळ प्रोसेसरची परीक्षा घेतात, आणि सायबरपंक २०७७ कार्डाचा घाम काढतो. "सगळ्यात चांगला गेमिंग प्रोसेसर कोणता?" या प्रश्नाला पडद्याशिवाय उत्तर नाही ते यामुळे.

भाच्याचं गणित मग सोपं झालं. १०८०चा, १४४ हर्ट्‌झचा आयपीएस मॉनिटर दहा हजारांच्या आत मिळत होता. तो पहिल्या ओळीवर लिहिला. यूपीएस, कीबोर्ड, माउस, हेडफोन मिळून सहा हजार बाजूला काढले, कारण हे पैसे सगळेच विसरतात आणि शेवटी कार्डाच्या वाट्यातून कापतात. उरले चौपन्न. त्यातले साधारण वीस हजार एकट्या कार्डाला दिले. बजेट कमी असेल तेव्हा डब्याच्या किमतीतला पस्तीस ते चाळीस टक्के वाटा कार्डाचा, हे माझं मत आहे आणि ते मी बरीच मशीनं जुळवून बनवलंय. प्रोसेसरला याच्या निम्मे पुरतात. रायझन ५ ५६०० दहा हजारांच्या आसपास होता, कार्ड आरएक्स ६६००. दोन्ही त्या वेळी जुनेच म्हणायचे, प्रोसेसर २०२२चा आणि कार्ड २०२१चं. पण बैलजोडी सारख्या उंचीची असली की नांगर सरळ जातो. एक खिलार आणि एक मरतुकडा जुंपला तर चाल मरतुकड्याचीच.

नाव तेच, माल निराळा

ग्राफिक्स कार्डाच्या बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती नावाने, आणि त्यातली बरीचशी अगदी कायदेशीर असते.

एनव्हिडियाचं जीटी १०३० हे छोटं कार्ड २०१७मध्ये आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ मेमरी होती. सेकंदाला ४८ जीबी माहिती ती हलवायची. पुढच्या वर्षी त्याच नावाने दुसरं कार्ड आलं, त्यात साधी डीडीआर४, वेग १७ जीबीच्याही आत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोन्हीकडे जीटी १०३०च. जीटीएक्स १०६० दोन प्रकारांत यायचं, ३ जीबी आणि ६ जीबी. गिऱ्हाइकाला वाटायचं फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्यात गणकंही कमी होती, १,२८०च्या जागी १,१५२. आरटीएक्स ३०५०चंही तेच. मूळ ८ जीबीच्या कार्डात २,५६० गणकं आणि १२८ बिटांचा मेमरीमार्ग. २०२४मध्ये आलेल्या ६ जीबीवाल्यात २,३०४ गणकं आणि ९६ बिट. आरएक्स ५८०च्या नावापुढे बारीक अक्षरांत "२०४८एसपी" दिसलं तर ते नावाने ५८० आणि आतून ५७०च्या मापाचं कार्ड आहे असं समजा. खऱ्या ५८०मध्ये २,३०४ गणकं असतात.

म्हणून दुकानात कार्डाचं नुसतं नाव विचारू नका. मेमरी किती, कोणत्या प्रकारची आणि मार्ग किती बिटांचा, हे तीन प्रश्न विचारा. दुकानदार थोडा चमकतो आणि मग जरा सांभाळून बोलतो.

मेमरीचं महत्त्व का, हेही पंगतीवरूनच कळतं. खेळातल्या भिंती, झाडं, कपडे यांचे पोत कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेले असतात, जशी वाढप्याच्या हाताशी पातेली. आरएक्स ६६००ची मेमरी सेकंदाला २२४ जीबी पुरवते. पातेली मांडवात मावली नाहीत तर उरलेली मागच्या कोठीत, म्हणजे मशीनच्या साध्या रॅममध्ये जातात आणि ती आणायची वाट म्हणजे मदरबोर्डावरची पीसीआय एक्सप्रेसची खाच. या कार्डाला त्या खाचेतल्या आठच लेन वापरता येतात. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्यातून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर सुमारे ८. म्हणजे वाढपी मागे धावला की पंगत खोळंबली. खेळताना चित्र अधूनमधून अडखळतं ते बहुतेक वेळा असं. जानेवारी २०२२मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी याच कारणाने बदनाम झालं. मेमरी ४ जीबी आणि लेन फक्त चार. जुन्या बोर्डावर लावलं की कोठीची वाट सेकंदाला ४ जीबीची, बोळच म्हणायची. नवा खेळ आणि नवं कार्ड असूनही जुन्या बोर्डामुळे ते गुदमरायचं. आजच्या खेळांसाठी ८ जीबी ही मी खालची पायरी मानतो. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४मध्ये १२ जीबी मेमरी घेऊन आलं आणि स्वस्त कार्डांच्या बाजारात चांगलीच खळबळ उडाली. पण त्याला बोर्डावर रिसायझेबल बार ही सोय चालू असावीच लागते. जुन्या मशीनमध्ये ते टाकायचा मोह टाळा.

सेकंडहँड कार्डांचं काय? १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर चालणारं त्याचं खाणकाम एका दिवसात थांबलं. रात्रंदिवस राबलेली कार्डं मग बाजारात आली आणि "हलक्या वापरातलं" म्हणून हातोहात खपली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखा बदलून आणि थर्मल पेस्ट नव्याने लावून वर्षानुवर्षं चालणारी मी पाहिलीत. पण कार्ड समोर मशीनमध्ये लावून, अर्धा तास जड खेळ चालवून बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत. जीपीयू-झेड नावाची फुकट प्रणाली पेन ड्राइव्हवर ठेवा. जुन्या जीटीएस ४५०ला नवं नाव चिकटवून १०५० टीआय म्हणून विकण्याचे उद्योग ती उघडे पाडते. आणि स्वस्त मिळतंय म्हणून जीटीएक्स १६६०च्या घराण्यातलं कार्ड उचलण्याआधी एवढं लक्षात घ्या की डिसेंबर २०२४चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५चा डूम हे खेळ रे ट्रेसिंगची यंत्रणा कार्डातच असल्याशिवाय सुरूही होत नाहीत, आणि १६६०मध्ये ती नाही.

अमेरिकेतली मावशी येताना कार्ड आणणार असेल तर वॉरंटी भारतात चालते का ते त्या कंपनीच्या अटींत आधी वाचा. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी देशापुरतीच असते. कार्ड बिघडलं तर मावशीला परत पाठवावं लागेल, आणि कुरियरचा खर्च मावशी देणार नाही.

बोर्ड, रॅम आणि बाकीचे

मदरबोर्डावर कमी बजेटवाल्यांनी फार जीव टाकू नये. त्यावरचे दिवे आणि चिलखतासारखे पत्रे खेळाचा वेग वाढवत नाहीत. विचार करायचा तो सॉकेटचा, म्हणजे दोन-तीन वर्षांनी याच बोर्डावर वरचा प्रोसेसर बसेल का याचा. एएमडीचं एएम४ सॉकेट यात आदर्श निघालं : २०१७मध्ये घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२मध्ये आलं आणि निदान २०२७पर्यंत चालवू असं एएमडीने सांगितलंय, पण तिथे डीडीआर५ रॅमच लागते. इंटेलच्या एलजीए १७०० बोर्डावर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या बसतात आणि तिथे तो रस्ता संपतो. हातात पैसे थोडे असतील तर एएम४ किंवा १७००, थोडा दम धरता येत असेल तर एएम५. भाच्याला दम नव्हता.

प्रोसेसरच्या नावामागची अक्षरंही पैसे वाचवतात. इंटेलच्या आकड्यापुढे एफ असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड घेणारच असाल तर तोच घ्या, स्वस्त पडतो. रायझनच्या आकड्यापुढे जी असेल तर अंगचं ग्राफिक्स दमदार आहे. सत्तर हजार एकदम नसतील त्यांच्यासाठी ही चांगली वाट आहे. रायझन ५ ८६००जी घेऊन आज कार्डाशिवाय व्हॅलोरंट खेळा आणि दिवाळीच्या बोनसमध्ये कार्ड आणा. मात्र ५६००जी हा ५६००चाच भाऊ समजून कार्डासोबत घेऊ नका. त्याची कॅश निम्मी आहे, ३२ एमबीच्या जागी १६, आणि पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचं. कोठीची वाट अरुंद असली की काय होतं ते वर आलंच आहे.

"ट्रे" प्रोसेसर स्वस्त मिळतो म्हणजे तो सुटा येतो. खोकं नाही, सोबत पंखा नाही आणि कंपनीची वॉरंटी बहुधा नाही. पंखा वेगळा घेतला की बचत संपते.

रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. ३२०० वेगाच्या एका डीडीआर४ पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाते. दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या की रस्ता दुपदरी होतो, ५१.२ जीबी. अंगच्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर हा फरक पहिल्याच मिनिटाला दिसतो, कारण तिथे वाढपी आणि आचारी एकाच कोठीतून घेत असतात. दराचं मात्र काही सांगता येत नाही. भाच्याची रॅम घेतली त्यानंतर काही महिन्यांतच एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलला, दर दुपटीच्या वर गेले आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉन कंपनीने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात मात्र तूर्त ८ची एकच पट्टी घेऊन दुसरीसाठी दर उतरायची वाट पाहणं शहाणपणाचं ठरतं. रॅमला पैसे पुरावेत म्हणून एसएमपीएस स्वस्तातला घेणं नाही.

एसएसडी : एनव्हीएमई, शक्य तर १ टीबी, तिसऱ्या पिढीचीही चालेल. एकेक खेळ शंभर-दीडशे जीबी जागा खातो, त्यामुळे इथे वेगापेक्षा जागा महत्त्वाची. आणखी बोलण्यासारखं त्यात काही नाही.

ज्याचं कुणी कौतुक करत नाही

एसएमपीएसबद्दल, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, मला बोलायचंय कारण माझा हात तिथे पोळलाय. कॉलेजात असताना एका दुकानातून मशीन जुळवून घेतलं. कार्डावर जास्तीचे पैसे गेले होते, म्हणून कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस ठेवला. वर ठळक छापलं होतं ४५० वॉट. पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा टेबलाखालून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला. एसएमपीएस गेलाच, जाताना बोर्ड आणि कार्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, "व्होल्टेजमुळे झालं." त्याचं खरं होतं, पण व्होल्टेजपासून वाचवायचं हेच तर त्या डब्याचं काम.

नंतर मी त्या डब्याचं लेबल पहिल्यांदा वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं होतं. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक वीज या १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात, त्यामुळे खेळासाठी तो डबा जेमतेम १९२ वॉटचा होता. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटांवरून गोळा करून छापलेले. लेबलवरचा हा एक गुणाकार कुठल्याही दुकानात उभ्या उभ्या करता येतो. चांगल्या ५५० वॉटच्या डब्यात तो पाचशेच्या आसपास किंवा वर येतो.

भाच्याच्या मशीनला किती लागतं? आरएक्स ६६०० ला १३२ वॉट, रायझन ५ ५६००ला पूर्ण जोरात ७६, बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून चाळीस-पन्नास. अडीचशे-दोनशे साठ. ५५० वॉट घेतला तो पुढच्या कार्डासाठी आणि क्षणभराच्या उसळ्यांसाठी. ७५० घ्यायची गरज नव्हती, दुकानदाराने आग्रह केला तरी. ८० प्लस ब्राँझ ही खूण म्हणजे अर्ध्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमता; मशीन अडीचशे वॉट खात असेल तर भिंतीतून सुमारे २९५ ओढले जातात आणि बाकीची उष्णता होते. दिवसाला चार तास खेळ झाला तर रोज एक युनिटच्या वर वीज, हे ताईला आधीच सांगून ठेवलं. मात्र ही खूण फक्त कार्यक्षमतेची आहे. आतल्या संरक्षणाबद्दल ती काही बोलत नाही. त्यासाठी पाच वर्षांची वॉरंटी देणारा आणि जवळपास सर्व्हिस सेंटर असणारा ब्रँड हा त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा. एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचं ११५/२३० असं बटण असेल तर चालू करण्याआधी ते २३०वर आहे ना ते बघा. आपल्याकडच्या सॉकेटला ११५वर ठेवलेला डबा जोडला की पुढचा आवाज मी वर सांगितलाय.

आणि भिंतीतलं अर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष मशीनचा नसून घरातल्या वायरिंगचा असण्याची शक्यता जास्त. इलेक्ट्रिशियनचे तीनशे रुपये या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे.

कॅबिनेट निवडताना पुढचा भाग काचेचा नको, जाळीचा हवा. हवेने थंड होणारं कुठलंही मशीन खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोलीपेक्षा ते जितकं गरम राहतं तो फरक साधारण तेवढाच टिकतो. पुण्यात २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७०वर असेल तर चंद्रपूरला मेमध्ये ४२च्या खोलीत तो ८७वर जाणार. रायझन ५ ५६००ची कमाल मर्यादा ९०. काचेमागे पंखे गुदमरले की ती मर्यादा येते, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो आणि लोक म्हणतात, उन्हाळ्यात पीसी स्लो होतो. जाळीतून धूळ येते हे कबूल. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत मशीन महिनोन्‌महिने बंद पडून राहणं वाईट, तिथे आठवड्यातून निदान एकदा तासभर चालू ठेवा.

बिल पक्कं घ्या. त्यावर कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस यांचे सिरियल नंबर लिहून घ्या. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या कार्डाची वॉरंटी मागायला गेलं की तो वाचवलेला कर दामदुपटीने जातो. खोकी वर्षभर माळ्यावर राहू द्या.

भाच्याचं मशीन उभं राहिलं आणि चौथ्या दिवशी फोन आला. "मामा, कार्ड डिफेक्टिव्ह आहे. मित्राचा पीसी स्वस्तातला आणि तरी त्याचा गेम माझ्यापेक्षा स्मूथ चालतो." विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर ६० हर्ट्‌झवरच होता, १४४ आपण होऊन लागत नाही, निवडावा लागतो. रॅमही २४००वर चालत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, कुणी चालू केलीच नव्हती. तिसरी नेहमीची चूक त्याच्याकडून झाली नव्हती, ती म्हणजे मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डात लावणं. एफ अक्षराच्या प्रोसेसरवर ती चूक लगेच कळते, चित्रच येत नाही. जीवाल्यावर चित्र येतं, खेळ रांगत चालतो आणि वीस हजारांचं कार्ड शेजारी नुसतं बसून असतं. केबल कार्डात आहे का, हर्ट्‌झ निवडलेत का, एक्सएमपी चालू आहे का, हे तीनही बघून झाल्याशिवाय दुकानदाराला फोन करू नका. मामालाही नको.